पाण्यापर्यंतची शेवटची वीस पावले

नाशिकमध्ये गोदावरीला भेटायचे म्हणजे पायऱ्या उतरायच्या. रामकुंडाच्या परिसरातील दगडी घाट असोत वा त्याच्या खालच्या अंगाचे, नदीशी असलेले आपले नाते पायरीपायरीने खाली जाणारे आहे, आणि म्हणूनच जो माणूस व्हीलचेअरवर बसतो किंवा कुबड्यांवर चालतो, त्याच्यासाठी ही नदी बहुतेक वेळा वरच्या पायरीवरच संपते. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला घाट नाहीत, पण तिथे मुरमाचा उतार आहे, सुटे दगड आहेत आणि पाणी जसजसे मागे हटते तसतसा उघडा पडणारा चिकट गाळ आहे. दिव्यांग व्यक्तींसाठी जलक्रीडेचा दिवस भरवायचा म्हटले की बहुतेकांच्या मनात पहिली भीती पाण्याची येते. प्रत्यक्षात अशा दिवसाची सर्वांत अवघड जागा असते काठ, म्हणजे गाडीतून उतरल्यापासून होडीत बसेपर्यंतची शेवटची वीस-पंचवीस पावले. स्वयंसेवकांचे बहुतेक काम याच पट्ट्यात चालते.

सर्वसमावेशक जलक्रीडा हा शब्द जड वाटतो, परंतु त्याचा अर्थ सरळ आहे. कयाक म्हणजे दुहेरी पात्याच्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, साधी वल्ह्याची होडी, शिडाची छोटी होडी, तराफा किंवा नुसते पोहणे, यांपैकी जे काही केले जाते ते अपंगत्व असलेली आणि नसलेली माणसे एकाच वेळी, एकाच पाण्यात करतात. दिव्यांगांना एका बाजूला बसवून फेरी मारून आणणे आणि टाळ्या वाजवणे म्हणजे सर्वसमावेशकता नव्हे. बहीण मागच्या आसनावर आणि दृष्टिहीन भाऊ पुढच्या आसनावर वल्हे मारतो आहे, होडी कुठे वळवायची हे दोघे मिळून ठरवत आहेत, हे चित्र त्या शब्दाच्या अधिक जवळ जाते. कोणाच्या हातात वल्हे किंवा सुकाणू आहे, हा माझ्या मते या कामाचा खरा निकष आहे.

स्पर्धात्मक पातळीवर हा विषय नवा नाही. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताला पॅरालिम्पिकचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. पॅरालिम्पिकमध्ये वल्हवण्याच्या शर्यती २००८च्या बीजिंग स्पर्धेपासून आणि कनूच्या, म्हणजे कयाकसारख्या अरुंद होडीच्या, शर्यती २०१६च्या रिओ स्पर्धेपासून सुरू झाल्या. शिडाच्या होड्यांच्या शर्यती २००० ते २०१६ या काळात पदकांसाठी होत्या, नंतर त्या वगळल्या गेल्या. कनूमध्ये भारताचे नाव प्राची यादव यांनी टोकियोत नेले आणि पुढे हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. त्या सराव करत होत्या भोपाळच्या तलावावर, म्हणजे नाशिकसारख्याच समुद्रापासून दूर असलेल्या शहरात. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे पाण्याची चणचण सोसणारे गाव. तिथल्या दत्तू भोकनळ यांनी लष्करात गेल्यावर वल्हे हाती घेतले आणि २०१६ साली ते रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरले. ते दिव्यांग खेळाडू नव्हेत, तरी त्यांचा उल्लेख येथे करावासा वाटतो, कारण पाण्याचा खेळ रक्तात असावा लागतो हा समज त्यांच्या उदाहरणापुढे टिकत नाही. होडी, पाणी आणि शिकवणारा माणूस यांच्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे, एवढीच अट असते.

पाणी काय देते

कमरेपर्यंतच्या पाण्यात उभे राहिल्यावर पायांवर पडणारा भार साधारण निम्मा होतो आणि पाणी छातीपर्यंत आले की तो आणखी कमी होतो. जमिनीवर ज्याला आधाराशिवाय उभे राहता येत नाही, अशा पोलिओग्रस्त माणसाला पाण्यात उभे राहता येणे यात चमत्कार नाही. शरीराने बाजूला सारलेल्या पाण्याइतके बल त्याला वर उचलत असते. होडीत वेगळी गोष्ट घडते. तिथे सगळेच बसलेले असतात, त्यामुळे ज्याच्या कमरेखाली बळ नाही तो आणि ज्याचे पाय धडधाकट आहेत तो, दोघांचे काम खांदे आणि हातच करतात. जमिनीवर दहा जणांत वेगळा दिसणारा माणूस पन्नास मीटर अंतरावरून पाहिला तर होडीत ओळखूही येत नाही.

हेच पाणी काही गोष्टी हिरावूनही घेते. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातील उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या इजेखालच्या भागाला थंडी जाणवत नाही आणि थरथरून ऊब निर्माण करण्याची शरीराची यंत्रणाही तिथे काम करत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर पुरेसा ताबा नसणे) असलेल्या व्यक्तीचे स्नायू थंड पाण्याने अचानक आखडतात. नाशिकची हिवाळी सकाळ पर्यटकांना कितीही आवडो, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावर जाणे या मंडळींसाठी धोक्याचे ठरू शकते. ऊन वर आल्यानंतरचे आणि दुपारचा वारा सुटण्याआधीचे दोन-अडीच तास हाच हिवाळ्यातील कामाचा वेळ धरावा. पावसाळा तर पूर्ण वर्ज्यच मानावा, कारण त्या काळात धरणातून विसर्ग सुरू असतो आणि पाण्याला ओढ असते.

होडी कशी असावी

सर्वसाधारण कयाकमध्ये माणूस एका खोबणीत शिरून बसतो आणि त्याचे पाय आत अडकलेले असतात. होडी उलटली तर पाय बाहेर काढावे लागतात, आणि ज्याच्या पायांत बळ नाही त्याला ते जमत नाही. म्हणून अशा दिवसासाठी वरून उघडी, रुंद बुडाची, ज्यावर माणूस आत नव्हे तर वर बसतो अशी कयाक निवडतात. तोल आणखी पक्का करायचा असेल तर दोन्ही बाजूंना आडव्या दांड्यांवर छोटे तरंगते फुगे बसवतात किंवा दोन कयाक शेजारी ठेवून आडव्या दांड्यांनी घट्ट जोडतात. जोडलेल्या होड्या हळू चालतात, परंतु सहजासहजी उलटत नाहीत. पाठीला आधार देणारे उंच आसन, कडेला बसवलेली गादी, पकड कमजोर असल्यास वल्ह्याला हात धरून ठेवणारा मऊ पट्टा, एवढ्या बदलांनी बरेच काही साधते आणि यातील अनेक गोष्टी स्थानिक कारागीर करून देऊ शकतो.

शिडाच्या होड्यांत ऑस्ट्रेलियातील क्रिस मिचेल यांनी घडवलेली हान्सा ३०३ ही दोन आसनांची होडी जगभर वापरली जाते. तिच्यात माणूस कडेवर बसून शरीर इकडून तिकडे हलवत नाही. तो मध्यभागी, खोलगट आसनात, पुढे तोंड करून बसतो, आणि होडीखालच्या जड पात्यामुळे ती उलटत नाही. सुकाणू एका छोट्या दांड्याने फिरते. हातही चालत नसतील तर विजेवर चालणारी यंत्रणा जोडता येते. मानेखाली हालचाल नसलेल्या इंग्लंडच्या हिलरी लिस्टर यांनी नळ्यांमध्ये फुंकर मारून आणि श्वास ओढून शीड व सुकाणू चालवत २००९ साली एकटीने ब्रिटनची प्रदक्षिणा पूर्ण केली. नाशिकला अशी होडी लगेच मिळेल अशी अपेक्षा धरण्याची गरज नाही. तरीही हे उदाहरण स्वयंसेवकाने लक्षात ठेवावे, कारण नावनोंदणीच्या मेजावर एखाद्याकडे पाहून ‘यांना नाही जमणार’ असे म्हणणे फार सोपे असते.

होडीच्या बाबतीत एक नियम मात्र कधीही मोडायचा नाही. माणसाला होडीला बांधायचे नाही. छातीला किंवा मांडीला आधाराचा पट्टा लावायचाच असेल तर तो एका झटक्यात, एका हाताने सुटणारा असला पाहिजे, आणि पाण्यात जाण्यापूर्वी तो सोडण्याचा सराव त्या व्यक्तीकडून व तिच्या सोबत्याकडून काठावर करून घेतला पाहिजे. पडू नये म्हणून ओढणीने किंवा दोरीने आसनाला बांधणे ही पालकांची मायेपोटी येणारी सूचना असते, आणि ती तितक्याच मायेने पण ठामपणे नाकारावी लागते.

काठ

गंगापूर धरणाची साठवण क्षमता सुमारे साडेपाच टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि नाशिक शहर मुख्यत्वे त्यावर पाणी पिते. याचा जलक्रीडेशी थेट संबंध आहे. पावसाळा संपताना काठोकाठ असलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत खूप खाली उतरते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये जिथे होडी लावली तिथे फेब्रुवारीत कोरडा उतार असतो आणि एप्रिलमध्ये भेगाळलेला गाळ. सिमेंटचा पक्का उतार बांधला तर तो वर्षातले काही महिनेच पाण्याला टेकेल. अशा जागी तरंगती जेट्टी आणि तिला जोडणारा, पाण्याच्या पातळीनुसार खाली-वर होणारा पूल हाच खरा उपाय आहे. तो खर्चिक आहे. तोपर्यंत स्वयंसेवक जाड प्लायवूडच्या फळ्या किंवा रबरी चटया एकापुढे एक अंथरून व्हीलचेअरसाठी वाट तयार करू शकतात. व्हीलचेअरच्या उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे एक फूट खाली उतरायचे तर बारा फूट लांबीची वाट हवी. फळ्या कमी पडतात त्या इथेच. त्यामुळे जागा निवडताना देखावा पाहण्यापेक्षा आदल्या आठवड्यात मोजपट्टी घेऊन जाणे केव्हाही चांगले.

त्यानंतर येतो तो क्षण, ज्याला स्वयंसेवकांच्या बोलण्यात ट्रान्सफर म्हणतात: व्हीलचेअरवरून होडीत जाणे. ज्यांचे हात बळकट असतात ते गुळगुळीत फळीवरून स्वतः सरकत जातात. त्यांना केवळ होडी स्थिर धरणारा माणूस हवा असतो. बाकीच्यांना उचलावे लागते. एक जण मागून काखेखालून हात घालून त्या व्यक्तीचेच मनगट धरतो, दुसरा गुडघ्यांखालून आधार देतो, आणि कधी उचलायचे ते एकच जण मोठ्याने सांगतो. तो ‘एक जण’ शक्य असेल तेव्हा स्वतः ती दिव्यांग व्यक्तीच असावी. गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून उचलले नाही तर दुपारपर्यंत स्वयंसेवकाची कंबर धरते, आणि त्याहून गंभीर म्हणजे संवेदना नसलेली त्वचा होडीच्या कडेला घासली जाते. त्या माणसाला ते कळतही नाही. अशा ओरखड्यातून झालेली जखम भरायला महिने लागू शकतात. म्हणून बसण्याच्या जागी गादी, उन्हात तापलेल्या आसनावर आधी पाणी शिंपडणे, टाचा आणि कंबर कशावर टेकल्या आहेत ते हाताने चाचपून पाहणे, ही कामे किरकोळ समजू नयेत.

येथे एक कबुली द्यायला हवी. सुरुवातीच्या दिवसांत मी एका काकांची व्हीलचेअर त्यांना न विचारता मागून धरून ढकलू लागलो होतो. त्यांनी चाकांना ब्रेक लावला आणि शांतपणे म्हणाले, “अहो, आधी सांगा तरी कुठे नेताय.” तेव्हापासून मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला पहिल्या तासात एकच गोष्ट शिकवतो: समोर या, नाव सांगा, आणि ‘मी काय केले तर तुम्हाला सोयीचे होईल?’ असे त्या व्यक्तीलाच विचारा, तिच्या सोबत आलेल्या नातेवाइकाला नव्हे. वीस वर्षे स्वतःचे शरीर सांभाळणाऱ्या माणसाला उचलण्याची योग्य पद्धत आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

शरीराविषयी विचारण्याच्या गोष्टी

नावनोंदणीच्या अर्जात केवळ अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी लिहून घेतली तर काठावर तिचा उपयोग जवळपास शून्य असतो. फिट येतात का, शेवटची कधी आली. कुठे संवेदना नाही. लघवीची नळी किंवा पिशवी आहे का. मान स्वतः धरता येते का. औषधाची वेळ कोणती. घाबरल्यावर काय केले की बरे वाटते, हे प्रश्न हवेत. ते चारचौघांत न विचारता बाजूला घेऊन विचारावेत.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा असलेल्यांच्या बाबतीत एक विशेष धोका असतो. मूत्राशय भरले, नळीला पीळ पडला किंवा पट्टा घट्ट बसला, तर मेंदूपर्यंत वेदना पोहोचत नाही, परंतु शरीर प्रतिक्रिया देते आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. अशा वेळी आडवे करायचे नाही. ताठ बसवायचे, कपडे आणि पट्टे सैल करायचे, नळी तपासायची आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यायची. चक्कर आलेल्याला आडवे करण्याची आपल्या सर्वांची सवय येथे उलट ठरते, म्हणून काठावरच्या प्रत्येक स्वयंसेवकाला हे ठाऊक असणे अत्यावश्यक आहे.

लाइफ जॅकेटबद्दलही गैरसमज असतात. ज्या हलक्या जॅकेटवर ५० न्यूटन असे लिहिलेले असते, ते साधारण पाच किलो वजन उचलेल इतके बल देते आणि शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला मदत करते. पाण्यात पालथा पडलेला माणूस त्याने आपोआप उताणा होईल असे नाही. ज्यांना मान उचलता येत नाही किंवा फिट येतात, त्यांना तोंड पाण्याबाहेर ठेवणारे, मानेमागे फुगवटा असलेले, १५० न्यूटन दर्जाचे जॅकेट द्यावे. त्यावरही विसंबू नये. एक पाय नसलेल्या माणसाचे किंवा एक बाजू लुळी असलेल्याचे शरीर पाण्यात एका अंगाला कलते, आणि ते कोणत्या अंगाला कलते हे उथळ पाण्यात प्रत्यक्ष तरंगवून पाहिल्याशिवाय कळत नाही. आतून पोकळ असलेला कृत्रिम पाय तरंगतो आणि डोक्यापेक्षा पाय वर येऊ शकतात. पायाला आधार देणारे लोखंडी कॅलिपर खाली ओढते. दोन्ही काठावर काढून, मालकाचे नाव लावून, सावलीत ठेवावेत.

कर्णबधिर सहभागी श्रवणयंत्र काढून पाण्यात जातात, त्यामुळे थांबा, वळा, परत या, मदत हवी, हे हातांचे संकेत आधीच ठरलेले हवेत आणि सूचना देणाऱ्याचे तोंड सूर्याकडे असावे, म्हणजे त्याचा चेहरा व हात स्पष्ट दिसतात. दृष्टिहीन व्यक्तीला होडीत बसण्यापूर्वी तिच्या संपूर्ण कडेवरून हात फिरवू द्यावा आणि दिशा घड्याळाच्या काट्यांनी सांगाव्यात. ‘तिकडे’ या शब्दाचा तिला उपयोग नाही, ‘दोन वाजताच्या दिशेला’ याचा आहे. स्वमग्न मुलांना अनेकदा पाण्याची जबरदस्त ओढ असते आणि धोक्याची जाणीव कमी असते. त्यांच्यासाठी एका मुलामागे एक ठरलेला माणूस हवा, आणि भोंगा, ध्वनिक्षेपक, सत्कार-भाषणे यांना त्या दिवशी सुट्टी द्यायला हवी. माझे मत विचाराल तर ती सुट्टी कोणासाठीही वाईट नाही.

कायदा आणि सुरुवात

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आणि त्याच्या कलम ३० मध्ये क्रीडा-उपक्रमांत दिव्यांगांचा प्रभावी सहभाग राहावा यासाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. त्यात क्रीडासुविधांची रचना बदलणेही आले. स्वयंसेवकांनी परवानगीसाठी अर्ज करताना विनंतीच्या भाषेऐवजी या कलमाचा आधार घ्यावा. धरणाचे पाणी जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येते आणि ते पिण्याचे असल्यामुळे किनाऱ्यावरची स्वच्छता, कचरा व तात्पुरती स्वच्छतागृहे यांची काटेकोर सोय दाखवावी लागते. व्हीलचेअर आत जाऊन वळू शकेल असे स्वच्छतागृह नसेल, तर सहभागी सकाळपासून पाणी पिणेच टाळतात, विशेषतः स्त्रिया. उन्हात तहानलेले शरीर आणि भरलेले मूत्राशय घेऊन कोणी होडीत बसू नये. माझ्या दृष्टीने स्वच्छतागृहाची सोय होत नसेल तर तो दिवस पुढे ढकलावा.

पहिलाच उपक्रम धरणावर घेण्याची घाई नको. उन्हाळ्यात एखाद्या जलतरण तलावाच्या उथळ भागात स्वयंसेवकांनी एकमेकांना उचलण्याचा, उलटलेल्या कयाकमधून बाहेर येण्याचा आणि जॅकेट घालून तरंगण्याचा सराव करावा. यात दिव्यांग सहभागी शिकणारे म्हणून तसेच शिकवणारे म्हणूनही असावेत. मग हिवाळ्यात, पाणी पुरेसे वर असताना, सहा किंवा आठ जणांना घेऊन बॅकवॉटरला जावे. सहा सहभागींसाठी वीस स्वयंसेवक ही संख्या ऐकायला जास्त वाटते, परंतु हिशेब मांडून पाहावा: उतारावर चार, ट्रान्सफरला चार, कमरेपर्यंत पाण्यात उभे राहून होडी धरणारे दोन, होड्यांत सोबती चार, बचाव नौकेवर दोन, प्रथमोपचाराला एक, नोंदवहीवर एक, आणि दमलेल्यांची जागा घ्यायला दोन. बचाव नौका पाण्यातच थांबलेली हवी, किनाऱ्याला बांधलेली नव्हे. आणि पाण्यात कोणी पडले तर त्याच्याजवळ जाताना इंजिन बंद करावे, कारण ज्याला पायाची संवेदना नाही त्याला पंख्याचे पाते लागल्याचेही कळणार नाही.

नोंदवहीवरचा माणूस दिवसभर पाण्याकडे पाहत नाही, हे काम कोणाला फारसे आवडत नाही. त्याच्या वहीत प्रत्येक नावापुढे तीन रकाने असतात: काठावरून किती वाजता निघाले, होडीचा क्रमांक, किती वाजता परतले. होड्या ओढून वर घेतल्या जातात, जॅकेट उन्हात पसरली जातात, चहा येतो, कोणीतरी ओल्या फळ्या गोळा करू लागतो. तिसऱ्या रकान्यातील शेवटची वेळ लिहून झाल्यावर तो हात वर करतो, आणि त्यानंतरच बचाव नौका काठाला लागते.